स्लीपिंग बॅग मॅटवरून का घसरते?



या अंकात मी अंथरुणावर लिहिणार आहे. हसू नका. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण आपल्या सर्वांना पाठ आहे. पण रात्रीतून अंथरूणच अंगाखालून निघून गेले, तर पाय पसरायचे कुठे? तोच आजचा विषय आहे.

आपला भाग कळसूबाईच्या पायथ्याचा. कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर उंच, महाराष्ट्रात सर्वांत उंच. शनिवार-रविवार आला की मुंबई, पुणे, नाशिककडची मंडळी येतात. काही जण रात्रीच चढायला लागतात, म्हणजे सूर्योदयाला माथ्यावर पोचता येते. काही जण पायथ्याला तंबूत झोपतात आणि पहाटे निघतात. माझ्या आईच्या बचत गटाने कर्ज काढून पाच तंबू, दहा स्लीपिंग बॅगा आणि दहा मॅट घेतल्या आहेत. भात काढून झाला की मोकळ्या शेतात हे तंबू लागतात. कर्जाचा हप्ता दर महिन्याला असतो. पाहुणा नीट झोपला तर पुन्हा येतो आणि चार जणांना सांगतो. झोपला नाही, तर तेही चार जणांना सांगतोच!

गेल्या थंडीत बऱ्याच पाहुण्यांची एकच तक्रार यायला लागली. “पिठलं-भाकरी झकास होती, पण रात्रभर आम्ही घसरत होतो.” एका कुटुंबातला चार-पाच वर्षांचा मुलगा तर सकाळी तंबूच्या कोपऱ्यात सापडला. मॅट एकीकडे, पोरगं दुसरीकडे. अंग गारठलेलं आणि खोकला सुरू. आईने त्याला चुलीपुढे बसवले, सुंठ-गुळाचे पाणी दिले. तासाभराने ते पोर हसायला लागले. पाहुणे काही बोलले नाहीत. पण ते गेल्यावर आई म्हणाली, “पोराला काही झालं असतं, तर कोणत्या तोंडानं पैसे घेतले असते?”

म्हणून मी, गुरुजी आणि आमचा सातवीचा वर्ग, सगळ्यांनी मिळून या घसरण्याचा छडा लावायचे ठरवले. जे समजले ते खाली लिहिले आहे.

स्लीपिंग बॅग आणि मॅट म्हणजे काय?

लहान वर्गातल्या मुलांसाठी आधी हे सांगते. स्लीपिंग बॅग म्हणजे झोपायची पिशवी. दोन्ही बाजूंनी कापड आणि मधे कापसासारखे भरण. बाजूला चेन. आत शिरायचे आणि चेन लावायची. मॅट म्हणजे तिच्याखाली घालायची फोमची पट्टी. ती साधारण सहा फूट लांब आणि दोन फुटांपेक्षा जरा कमी रुंद असते. काही मॅट हवा भरून फुगवायच्याही असतात.

आता तुम्ही म्हणाल, पिशवीत एवढे भरण असते, मग मॅट हवी कशाला? नुसता मऊपणा पाहिजे म्हणून? नाही बरं का! मॅटचे खरे काम थंडी अडवायचे आहे.

ऊब कापसात नसते, कापसात अडकलेल्या हवेत असते. थंडीत कोंबडी पिसे फुलवून बसते ती हवा कोंडण्यासाठीच. जुनी गादी चपटी झाली की पिंजारी कापूस पिंजून देतो आणि गादी पुन्हा उबदार होते. कापूस तोच, हवा मात्र नवी. आता विचार करा. आपण पिशवीत झोपलो की वरचे भरण फुगलेलेच राहते, पण अंगाखालचे भरण आपल्या वजनाने चपटे होते. त्यातली हवा निघून जाते. मग खालच्या गार जमिनीत अंगातली उष्णता सरळ उतरू लागते. विज्ञानाच्या पुस्तकात याला ‘उष्णतेचे वहन’ म्हणतात. तापलेल्या तव्याचा दांडा गरम होतो ना, तसेच. फक्त इथे तवा म्हणजे आपण.

मॅटच्या फोममध्ये बारीक बारीक बंद बुडबुडे असतात. ते वजनाने सहज चपटे होत नाहीत. त्यांत कोंडलेली हवा जमिनीची थंडी अडवते. म्हणजे वरून पिशवी राखते आणि खालून मॅट राखते. मॅट सुटली की अर्धे अंथरूण गेले. तो मुलगा पिशवीत असूनही गारठला, तो याच कारणाने.

घसरण्यामागचे कारण

दोन वस्तू एकमेकींना टेकलेल्या असल्या, की त्या एकमेकींना सरकू देत नाहीत. या अडवणुकीला घर्षण म्हणतात. घर्षण आहे म्हणून आपण चालतो, म्हणून खडू फळ्यावर उमटतो. शेवाळलेल्या दगडावर घर्षण कमी, म्हणून ओढ्यात आपटी बसते.

स्लीपिंग बॅगचे कापड बहुतेक नायलॉनचे किंवा पॉलिएस्टरचे असते. ते हलके असते, लवकर वाळते, घडी लहान होते. पण ते फार गुळगुळीत असते. मॅटही पुष्कळदा गुळगुळीत. तंबूचा तळही गुळगुळीत, कारण पाणी आत येऊ नये म्हणून त्यावर लेप दिलेला असतो. म्हणजे तंबूत एकावर एक तीन गुळगुळीत थर झाले. त्यात आपले शेत! दिसायला सपाट, पण पाणी निघून जाण्यासाठी खाचराला थोडा उतार दिलेलाच असतो.

इथे वर्गात एक वाद झाला. काही जण म्हणाले, “एवढ्याशा उतारावर माणूस कसा घसरेल? आपण पडून बघू.” आम्ही पडून बघितले. खरेच, कोणीच घसरले नाही. मग पाहुणे कसे घसरतात?

उत्तर मला घरी आईच्या सुपात सापडले. सूप नुसते थोडे तिरके धरले, तर तांदूळ जागच्या जागी राहतात. पण आई सुपाला बोटांनी थोपटायला लागली, की तेच तांदूळ उताराने पुढे सरकतात. उतार तेवढाच, सूप तेच. प्रत्येक हादऱ्याला दाण्यांची पकड क्षणभर सुटते, तेवढ्यात ते थोडे खाली येतात. पुन्हा वर मात्र जात नाहीत.

झोपलेल्या माणसाचेही तसेच होते. रात्रीतून आपण कितीदा तरी कूस बदलतो. कूस बदलताना खांदा किंवा कंबर जराशी उचलली जाते. तेवढ्या वेळात तिथली पकड सुटते आणि पिशवी बोटभर उताराकडे जाते. एका कुशीला बोटभर, तर रात्रभरात किती? हिशोब तुम्हीच करा. शिवाय पिशवीत पाय मोकळे नसतात, त्यामुळे वळताना माणूस पिशवीसकट वळतो. लहान मूल जास्त लोळते, म्हणून ते लवकर मॅटच्या बाहेर जाते.

फळीचा प्रयोग

हा प्रयोग आम्ही मधल्या सुट्टीत केला. तुम्हीही करा. साहित्य सोपे आहे: एक लांब फळी, एक मॅट, एक वीट, स्लीपिंग बॅगची नायलॉनची खोळ आणि जुन्या वह्यांचा गठ्ठा.

मॅट फळीवर पसरली आणि सुतळीने घट्ट बांधली. वीट खोळीत घालून मॅटवर ठेवली. वीट म्हणजे झोपलेला पाहुणा! मग फळीच्या एका टोकाखाली एकेक वही सारत गेलो. वीट केव्हा घसरते ते पाहिले. नंतर मॅट आणि वीट यांच्यामध्ये वेगवेगळ्या वस्तू घालून पाहिल्या.

सर्वांत आधी घसरली ती प्लास्टिकच्या चटईवरची वीट. त्यानंतर नुसत्या फोमच्या मॅटवरची. मधे सुती चादर घातल्यावर वीट जरा जास्त टिकली. गोणपाट घातल्यावर त्याहून जास्त. आणि जाळीदार रबराची पट्टी घातल्यावर तर फळी एवढी तिरकी करावी लागली, की वह्या संपल्या आणि फळी हाताने धरावी लागली.

या प्रयोगातून आणखी तीन गोष्टी कळल्या.

पहिली गोष्ट वजनाची. आम्हाला वाटले होते, जड माणूस कमी घसरत असेल. म्हणून एका विटेच्या जागी दोन विटा ठेवल्या. जवळजवळ त्याच उंचीला त्याही घसरल्या! गुरुजींनी कारण सांगितले. वजन दुप्पट झाले की पकड दुप्पट होते, पण उताराची ओढही दुप्पट होते. दोघी बरोबरीत सुटतात. फ्रान्समधल्या गियोम आमोंतों नावाच्या शास्त्रज्ञाने घर्षण वजनाच्या प्रमाणात वाढते हा नियम १६९९ साली मांडला होता. तेव्हा जाड पाहुणे आणि बारीक पाहुणे यांत भेद करू नये.

दुसरी गोष्ट धुळीची. मॅटवर शेतातली बारीक माती भुरभुरली, तर वीट लवकर घसरली. कॅरमवर पावडर टाकली की सोंगटी पळते, तेच हे. ओल्या फडक्याने मॅट पुसून वाळवली, की पकड परत आली.

तिसरी गोष्ट थोपटण्याची. वीट स्थिर असताना फळीला खालून टिचक्या मारल्या, तर ती मुंगीच्या पावलाने खाली यायला लागली. म्हणजे सुपाचे म्हणणे खरे ठरले.

एक शंका राहिली होती. गोणपाट खरखरीत असते म्हणून धरते, हे समजले. पण रबर तर हाताला गुळगुळीत लागते, मग ते कसे धरते? याचे कारण असे की रबर मऊ असते. दाब पडला की ते समोरच्या वस्तूच्या बारीक खाचाखळग्यांत बसते आणि चिकटून राहते. सायकलचे ब्रेक रबराचे असतात ते उगीच नाही. म्हणजे पकड दोन तऱ्हेची असते, एक खरखरीतपणाची आणि दुसरी मऊ रबराची. आपल्याला दोन्ही उपयोगी आहेत.

आजोबा का घसरत नव्हते?

माझे आजोबा तरुणपणी खळ्यावर राखणीला झोपायचे. खाली भाताचा पेंढा, त्यावर घोंगडी, अंगावर दुसरी घोंगडी. मी त्यांना विचारले, “बाबा, तुम्ही घसरायचा का हो?” ते म्हणाले, “घोंगडीवरून कोण घसरतंय? तिला काटे असतात काटे!”

घोंगडी मेंढीच्या लोकरीची असते. विणून झाल्यावर तिला चिंचोक्याची खळ देतात, त्याने ती ताठ आणि खरखरीत होते. अंगाला टोचते खरी, पण जागची हलत नाही. पेंढ्याच्या पोकळ काड्यांत हवा असते, म्हणून खालची थंडी अडते. म्हणजे मॅटचे काम पेंढा करत होता आणि स्लीपिंग बॅगचे काम घोंगडी करत होती.

परदेशातही पूर्वी असेच होते. ब्रिटनमध्ये वेल्स भागातल्या प्राइस जोन्स नावाच्या व्यापाऱ्याने १८७६ साली झोपण्याच्या पिशवीचे पेटंट घेतले. ती पिशवी लोकरी ब्लँकेटची होती. नॉर्वेचा फ्रिट्यॉफ नान्सेन १८८८ साली ग्रीनलंडचे बर्फ ओलांडून गेला, तेव्हा त्याच्याकडे रेनडियर नावाच्या हरणाच्या कातड्याच्या पिशव्या होत्या. एका पिशवीत तिघे झोपत. नायलॉनचा शोध अमेरिकेत १९३५ साली लागला आणि मग हळूहळू लोकर आणि कातडे यांच्या जागी गुळगुळीत कापड आले. पिशवी हलकी झाली, पाठीवर नेणे सोपे झाले. पण खरखरीतपणा गेला आणि घसरणे आले.

यावरून मला असे वाटते की नवी वस्तू वाईट नाही आणि जुनी वस्तूही टाकाऊ नाही. नव्या वस्तूत जे कमी पडते, ते जुन्या वस्तूतून घेता आले पाहिजे.

आम्ही केलेले उपाय

आता मुख्य भाग. उपाय स्वस्ताकडून महागाकडे लिहिले आहेत. पहिल्या तिघांना एक पैसाही लागत नाही.

१. जागा बघून तंबू लावा. ताटात थोडे पाणी घालून ते जमिनीवर ठेवले, की उतार कुणीकडे आहे ते लगेच कळते. पाणी ज्या कडेला जमा होते, तिकडे उतार. गोटी सोडून बघितली तरी चालते. अगदी सपाट जागा नसेल, तर डोके चढाकडे आणि पाय उताराकडे करून झोपावे. आडवा उतार सर्वांत वाईट. मॅट लांबीला सहा फूट, पण रुंदीला दोन फूटही नाही. पायाकडे थोडे घसरलो, तरी मॅट अंगाखाली राहते. बाजूला तेवढेच घसरलो, तर सरळ जमिनीवर!

२. उंचसखल भाग भरून काढा. तंबू लावायच्या आधी खडे आणि भाताची धसकटे काढून टाकावीत. मग पेंढा एकसारखा पसरावा. खोलगट भागात जास्त, उंच भागात कमी. वर गोणपाट टाकून मग तंबू लावावा. पेंढा असेल तिथे शेकोटी मात्र लांबच हवी.

३. मॅट पुसा आणि नीट बाजू वर करा. काही मॅटना एका बाजूला उंचवटे किंवा रेघा असतात, दुसरी बाजू साफ असते. उंचवट्यांची बाजू वर ठेवावी. हवेची मॅट असेल, तर ती ढोलकीसारखी टणक फुगवू नये. टणक मॅटची पाठ फुगीर होते आणि माणूस तिच्यावरून कलंडतो. झोपल्यावर थोडी हवा सोडावी, म्हणजे अंग जरा आत बसते आणि मॅटच्या कडा दोन्ही बाजूंना बांधासारख्या उभ्या राहतात. पण इतकीही सोडू नये, की कंबर जमिनीला टेकेल.

४. मधे काहीतरी खरखरीत घाला. गोणपाट धुऊन, उन्हात वाळवून मॅटवर अंथरावे. घोंगडी असेल तर फारच छान. गोणपाट मॅटपेक्षा लांब-रुंद घ्यावे आणि त्याच्या कडा मॅटखाली दुमडाव्यात, नाहीतर गोणपाटच घसरेल.

५. रबरी जाळीच्या पट्ट्या घाला. कपाटाच्या किंवा फ्रिजच्या कप्प्यात अंथरायची जाळीदार रबरी चटई भांड्यांच्या दुकानात मिळते. तिच्या वीतभर रुंद पट्ट्या कापाव्यात. एक पट्टी खांद्याखाली आणि एक कमरेखाली येईल अशी मॅटवर ठेवावी. सगळी मॅट झाकायची गरज नाही, कारण जिथे वजन तिथे पकड.

हा उपाय करताना एक गंमत झाली. पिशवी मॅटवरून घसरायची थांबली, पण मग मॅटच पिशवीला घेऊन तंबूच्या तळावरून घसरायला लागली! दोन जोड होते. एक पिशवी आणि मॅट यांचा, दुसरा मॅट आणि तळ यांचा. वरचा जोड पक्का झाला, म्हणून घसरणे खालच्या जोडावर गेले. तेव्हा ध्यानात ठेवा, पट्ट्या वरही हव्यात आणि खालीही हव्यात.

६. बंद शिवा. आमच्या गटातल्या एका मावशींकडे शिलाई मशीन आहे. त्यांनी पिशवीच्या दोन्ही कडांना, खांद्याशी आणि गुडघ्याशी, बंडीला असतात तसे कापडी बंद शिवून दिले. शिवण अगदी कडेच्या पट्टीवरच घातली, भरण असलेल्या भागावर नाही. हे बंद मॅटच्या खालून नेऊन बांधायचे. गाठ बुटाच्या नाडीची, म्हणजे एक टोक ओढले की सुटते. दोरी माणसाच्या अंगावरून कधीही घेऊ नये. लहान मुलांच्या बाबतीत तर मुळीच नाही. बांधायची ती पिशवी, माणूस नाही. आणि चेन आतून उघडता आली पाहिजे.

७. सिलिकॉनच्या रेघा ओढा. खिडकीच्या काचा आणि मोरीच्या फटी बुजवायला सिलिकॉन वापरतात. हवेच्या मॅटला वरून कापड असते, त्यावर मेंदीच्या कोनासारख्या बारीक आडव्या रेघा ओढायच्या आणि एक दिवस उघड्यावर वाळू द्यायच्या. वाळल्यावर त्या रबरासारख्या होतात. आधी कोपऱ्यात थोडे लावून बघावे. फोमच्या मॅटवर ते नीट धरत नाही, सोलून निघते. हे काम मोठ्या माणसांनीच करावे आणि मॅट आपली स्वतःची असेल तरच करावे.

८. सगळे एका अभ्र्यात घाला. मॅट आणि पिशवी दोन्ही मावतील असा मोठा सुती अभ्रा जुन्या लुगड्याचा शिवता येतो. दोन्ही एकाच खोळीत गेल्यावर वेगळे होतीलच कसे? पण अभ्रा सैल हवा. घट्ट झाला तर भरण दाबले जाते आणि ऊब जाते. तोंडाकडची बाजू पूर्ण उघडी ठेवावी.

शेवटचा सोपा उपाय म्हणजे उताराच्या बाजूला पाठीवरच्या पिशव्या ओळीने लावून ठेवणे. त्याने घसरणे बंद होत नाही, पण माणूस तंबूच्या कडेला जात नाही.

हे मात्र करू नका

थंडी वाजायला लागली की काही जण पेटती शेगडी किंवा निखाऱ्यांचे घमेले तंबूत घेतात. असे कधीही करू नका! बंद जागेत निखाऱ्यांपासून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला काही कळत नाही आणि जीव जातो. शिवाय नायलॉन भसकन पेट घेते. आमच्या गटाने आता प्रत्येक तंबूवर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे: ‘आत विस्तव नेऊ नये.’ अंगाखालची मॅट जागेवर राहिली, तर शेगडीची आठवणच येत नाही. म्हणून मला हा विषय लहान वाटत नाही.

दुसरे असे, की थंडी वाजते म्हणून दोन पिशव्या अंगावर घेतात, पण खाली काहीच घालत नाहीत. त्याचा उपयोग थोडा. एक पिशवी वर आणि अंगाखाली मॅट, हे त्याहून बरे.

घरी काय करावे?

पालकांनो, हे फक्त पाहुण्यांसाठी नाही. आपल्या घरांत आता गोणपाटाऐवजी प्लास्टिकच्या चटया आल्या आहेत. रंगीत आहेत, धुवायला सोप्या आहेत. पण त्यावर गोधडी टिकत नाही. रात्री बाळ लोळत लोळत फरशीवर जाते आणि सकाळी नाक वाहते. चटई आणि गोधडी यांच्यामध्ये एक गोणपाट किंवा जुना सुती जमखाना घाला. गोधडीला चार कोपऱ्यांना बंद शिवून ते चटईच्या खाली बांधले, तरी चालेल. फरशीवर म्हातारी माणसे झोपत असतील, तर खाली गोणपाटाचे दोन थर घाला. थंडी खालून येते हे विसरू नका.

आता आमच्या तंबूंचे सांगते. दहाही मॅटना वर-खाली रबराच्या पट्ट्या आहेत आणि सहा पिशव्यांना बंद शिवून झाले आहेत. लहान मुलांना झोपवायची जागा आम्ही ठरवून टाकली आहे: दोन मोठ्या माणसांच्या मधे, आणि मॅटखाली घोंगडी. तंबू लावला की मी स्वतः ताटात पाणी घालून उतार बघते. परवाच्या रविवारी एका पाहुण्या आजींनी सकाळी आईला विचारले, “ही पट्टी कुठं मिळते गं?” आईने दुकान सांगितले आणि माझ्याकडे बघून हसली.

आमची फळी सध्या सातवीच्या वर्गात खिडकीखाली ठेवली आहे. ज्यांना प्रयोग करून बघायचा असेल, त्यांनी मधल्या सुट्टीत यावे. येताना घरातले एक कापड आणावे, मग ते लुगडे असो, पोते असो, चादर असो की रेनकोट असो. किती वह्यांना कोणते कापड घसरले, त्याचा तक्ता आपण पुढच्या अंकात लावू. वीट शाळेची आहे, ती परत ठेवावी.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी